रंग नंतर, आधी तोंड बघा

बेळगावच्या टिळकवाडीत आमच्या मामांच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी आहे. गेल्या वर्षी त्यांनी हौसेनं एक पिवळाजर्द बटरफ्लाय फिश आणला. दुकानदार म्हणाला होता, "एकदम शांत मासा, कुणाच्या वाटेला जात नाही." ते खरंच होतं, एकाही माशाला त्यानं छळलं नाही. पण चौथ्या दिवसापासून खडकावरचे झोॲन्थिड, म्हणजे फुलांसारखे उमलणारे ते बारके जीव, मिटून बसले. दिव्यात बिघाड असणार म्हणून मामा स्क्रूड्रायव्हर शोधायला लागले. मामी म्हणाल्या, "अहो, दिव्याचं काही नाही. तो टोचतोय बघा त्यांना."

मामींनी बरोबर ओळखलं होतं. झोॲन्थिड आणि प्रवाळ दिसतात झाडासारखे, पण आहेत प्राणी. बटरफ्लाय फिशच्या बऱ्याच जाती असे मऊ जीव टिपूनच जगतात. त्याचं निमुळतं तोंड चिमट्यासारखं, ते त्याचसाठी. म्हणून मी मासा घेताना रंग नंतर बघतो, आधी तोंड. ट्रिगर फिशचे दात शिंपले-खेकडे फोडायचे, त्यामुळे टाकीतल्या कोळंब्या गेल्याच म्हणून समजा. लायनफिशचं तोंड उघडलं की त्यात लहान मासा सहज मावतो.

तोंड बारीक म्हणजे मासा पाळायला सोपा, असंही नाही. मँडरिन माशाइतका देखणा मासा क्वचितच दिसेल, प्रवाळालाही तो काही करत नाही. पण दिवसभर खडकांवरचे कोपेपॉड, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी किडे, तो एकेक करून टिपतो. नव्या टाकीत ते नसतातच. सुकं खाणं बहुतेक मँडरिन तोंडाला लावत नाहीत आणि भरल्या घरात उपाशी मरतात. टाकी वर्षभर मुरल्याशिवाय हा मासा घेऊ नये.

मग घ्यावं काय? क्लाउनफिश बिनधास्त घ्या, त्याला सी ॲनिमोन, म्हणजे समुद्रात तो ज्याच्यात राहतो तो फुलासारखा जीव, लागतोच असं नाही. जोडीतली मोठी ती मादी. ती गेली तर नरच मादी होतो. शक्यतो हॅचरीत वाढलेली पिल्लं मागा. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाउनफिशच्या प्रजननाचं तंत्र बसवलंय.

माझा जीव मात्र वॉचमन गोबीवर. हा वाळूवर बसणारा बोटभर मासा पिस्तूल कोळंबीबरोबर एकाच बिळात राहतो. कोळंबीची नजर अधू. ती दिवसभर वाळू उपसते, पण बाहेर आली की एक मिशी गोबीच्या अंगावर टेकवूनच. धोका दिसला की गोबी शेपटी थरथरवतो आणि क्षणात दोघं आत. उसाच्या फडात एकानं खणावं आणि दुसऱ्यानं राखण करावी, तशी वाटणी. मामांच्या टाकीसमोर मी यापायी चहा थंड केलाय.

दगडी प्रवाळ मात्र दुकानात दिसला तरी घेऊ नका. २००१ पासून तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. नवा मासा आधी महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा. अंगावर पांढरे ठिपके आले तर तांबं असलेलं औषध तिथंच द्यायचं, कारण मुख्य टाकीत त्यानं कोळंबी आणि प्रवाळ दोन्ही मरतात.

राहिलं पाणी. चोर्ला घाट उतरून गोव्याहून कॅन भरून आणणारे लोक मला माहीत आहेत. पावसाळ्यात तिथं नद्यांचं पाणी मिसळून किनाऱ्याचा खारेपणा उतरलेला असतो, शिवाय बंदराची घाण वेगळीच. त्यापेक्षा आरओच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मत्स्यालयाचं मीठ विरघळवा आणि घनता १.०२५ आली का बघा. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, बोअरचं पाणीही नको. तापमान २५-२६ अंशांवर ठेवायचं, त्यासाठी एप्रिल-मे महिन्यात मामा टाकीवर पंखा लावतात. पंख्यानं पाणी उडतं, मीठ मात्र आतच राहतं. म्हणून कमी झालेलं पाणी भरताना ते साधं आरओचंच ओतायचं. पहिल्या उन्हाळ्यात मामांनी खारं ओतलं होतं. तेव्हाही मामींनीच विचारलं होतं, "अहो, मीठ कुठं उडालंय?"