अमेरिकी कॉलेजप्रवेशातली माजी विद्यार्थ्यांची मुलाखत : पार्श्वभूमी

बारावीनंतर थेट अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करणाऱ्या मुंबई-पुण्यातल्या मुलांना हिवाळ्यात कधीतरी एक ई-मेल येतो. लिहिणारी व्यक्ती त्या कॉलेजात नोकरीला नसते. ती तिथली माजी विद्यार्थिनी असते, आता इथेच कुठे बँकेत किंवा हॉस्पिटलात काम करत असते, आणि अर्धा-पाऊण तास बोलू या म्हणते. मग घरात प्रश्न सुरू होतात. याला मार्क किती? कुणाची ओळख निघते का? सीईटी आणि जेईईच्या गुणवत्ता यादीवर वाढलेल्या आपल्या घरांना अशा गप्पांत वशिल्याचा वास येतो. या पद्धतीचा इतिहास पाहिला, तर तो संशय अगदीच निराधार नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्ड, येल, कोलंबिया इथला प्रवेश मुख्यतः परीक्षेवर चाले. 1900 मध्ये ‘कॉलेज एन्ट्रन्स एक्झामिनेशन बोर्ड’ स्थापन झाले आणि पुढच्या वर्षी त्याच्या परीक्षा सुरू झाल्या. पास व्हा, फी भरा, वर्गात बसा, इतका सरळ मामला होता. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांच्या मुलांनी ही वाट नेमकी ओळखली. 1900 च्या सुमारास हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थी 7 टक्के होते, ते 1922 पर्यंत 21 टक्क्यांच्या वर गेले. कोलंबियात हे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवर पोचले होते. आपलीच मुले-नातवंडे इथे शिकणार असे गृहीत धरणाऱ्या जुन्या घराण्यांना आणि त्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांना हे खुपू लागले.

परीक्षेत पहिल्या येणाऱ्या मुलाला परीक्षेनेच नापास करता येत नाही. म्हणून कसोटीच बदलली. कोलंबियाने अर्जात धर्म, वडिलांचे जन्मस्थान आणि फोटो मागायला सुरुवात केली, मुलाखत आणली. थोड्याच वर्षांत तिथले ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांना सरळ 15 टक्क्यांची मर्यादा हवी होती. 1923 मध्ये प्राध्यापकांच्या समितीने उघड कोटा नाकारला. पण त्याआधीच, 1922 मध्ये, अर्जात एक प्रश्न आला होता : जन्मानंतर तुमच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल केला आहे का? केला असल्यास सविस्तर सांगा. आडनाव बदलून इंग्रजी वळणाचे केलेल्या कुटुंबांना हुडकण्याचा तो मार्ग होता. 1926 मध्ये हार्वर्डने पहिल्या वर्षाच्या जागा हजारावर आणल्या आणि ‘चारित्र्य’ हा निकष पक्का केला. कोटा कागदावर कुठेच न येता अमलात आला.

माजी विद्यार्थ्यांना या कामाला पद्धतशीर जुंपले ते न्यू हॅम्पशर राज्यातल्या डार्टमथ कॉलेजने. पहिल्या महायुद्धानंतर तिथे जागांपेक्षा अर्ज फार जास्त येऊ लागले, तेव्हा अध्यक्ष अर्नेस्ट हॉपकिन्स यांनी 1921 मध्ये निवडीची नवी पद्धत जाहीर केली. मार्कांबरोबर चारित्र्य, देशाच्या कोणत्या भागातून मुलगा येतो, तो माजी विद्यार्थ्याचा मुलगा आहे का, हे सगळे पाहायचे ठरले. गावोगावच्या माजी विद्यार्थ्यांनी अर्जदाराला भेटून मत कळवायचे होते. यात सोय होती हे खरे. दूरच्या मुलाला न्यू हॅम्पशरला यावे लागत नसे. पण ‘आपल्यात शोभेल का’ हे ठरवणारी माणसे आधीच्या पिढीची, एकाच साच्यातली होती. याच हॉपकिन्स यांनी 1945 मध्ये ज्यू विद्यार्थ्यांवरच्या मर्यादेचे जाहीर समर्थन केले.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे कोटे हळूहळू विरले. मुलाखत मात्र टिकली आणि तिचे काम बदलले. कॉलेजचे नाव दूरच्या शहरांत पोचवायचे आणि माजी विद्यार्थ्यांना संस्थेशी बांधून ठेवायचे, हे तिचे मोठे हेतू झाले. एमआयटीत अशा स्वयंसेवकांना ‘एज्युकेशनल काउन्सेलर’ म्हणतात. अगदी लांबच्या देशांतही ते सापडतात.

भारतात वेगळी वाट निघाली. श्रीनगरच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजात लेखी परीक्षेला 100 आणि मुलाखतीला 50 गुण होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपे आणि प्रश्न आईवडील, राहण्याचे ठिकाण यांविषयीचे असत, अशी तक्रार होती. अजय हासिया खटल्यात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी मुलाखतीला 15 टक्क्यांपेक्षा जास्त वजन देणे मनमानी ठरवले आणि मुलाखती टेपरेकॉर्ड कराव्यात असेही सुचवले. मला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो. बोलून माणूस पारखण्याला त्याने बंदी केली नाही, फक्त पारखणाऱ्याच्या हातातले माप लहान केले.

अमेरिकेत हा प्रश्न पुन्हा न्यायालयात आला तो हार्वर्डविरुद्धच्या 2014 च्या दाव्यात. आशियाई वंशाच्या मुलांना, म्हणजे न्यू जर्सीतल्या मराठी घरांतल्या मुलांनाही, प्रवेश कार्यालय ‘व्यक्तिमत्त्वा’चे गुण गोऱ्या मुलांपेक्षा कमी देते, असा त्यात आरोप होता. आकडे बाहेर आले तेव्हा दिसले की माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या व्यक्तिमत्त्वाच्या गुणांत तशी तफावत नव्हती. हार्वर्डचे म्हणणे असे की कार्यालय शिक्षकांच्या शिफारसपत्रांसह सगळी फाइल पाहते, मुलाखत हा एकच भाग. कनिष्ठ न्यायालयाने 2019 मध्ये ते मान्य केले. 29 जून 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशातला वंशाचा विचारच घटनाबाह्य ठरवला. तरी कार्यालयाच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या गुणांतला तो फरक माझ्या मनातून जात नाही. शंभर वर्षांपूर्वी समोरासमोरच्या भेटीचा वापर एका समाजाला रोखायला झाला होता. इथे मुलांना समोर बसून भेटलेल्यांनीच त्यांच्यात काही उणे पाहिले नाही.

आता ही पद्धत आक्रसते आहे. कोलंबियाने मुलाखती बंद केल्या, ब्राउनने त्याऐवजी अर्जदाराने स्वतः पाठवायचा छोटा व्हिडिओ आणला. कॅलिफोर्निया विद्यापीठ पदवीप्रवेशासाठी सहसा मुलाखत घेतच नाही. जिथे ती आहे, तिथे घेणाऱ्याकडे बहुधा मुलाचे मार्क किंवा निबंध नसतात, आणि तो निर्णय देत नाही, अहवाल पाठवतो. 2020 च्या साथीत भेटी झूमवर गेल्या आणि बऱ्याच ठिकाणी तिथेच राहिल्या. लातूर किंवा सावंतवाडीच्या मुलीला त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. भेटायला कुणीच नसेल, तर त्याचा अर्जावर वाईट परिणाम होणार नाही, असे ही कॉलेजे लिहून देतात.