उत्क्रांती म्हणजे केवळ उत्परिवर्तनांचा योगायोग नव्हे
“उत्क्रांती म्हणजे योगायोगाने घडलेल्या उत्परिवर्तनांची साखळी,” असे वर्षानुवर्षे फिरणाऱ्या संदेशांत सांगितले जाते. जनुकांत अचानक होणारे हे बदल यादृच्छिक असतात हे खरे. पण त्यांतून केवळ वैविध्य मिळते, आणि त्यातले काय टिकेल हे बव्हंशी नैसर्गिक निवड, म्हणजे परिसराला जुळणारे जीव अधिक जगून अधिक संतती मागे ठेवण्याची प्रक्रिया, ठरवते.

इंग्लंडमधील पांढुरक्या, काळ्या ठिपक्यांच्या एका पतंगाचे उदाहरण घेऊ. उत्परिवर्तनातून आलेला त्याचा पूर्ण काळा प्रकार मँचेस्टरमध्ये १८४८ साली सापडल्याची नोंद आहे. पुढे कारखान्यांच्या काजळीने झाडांच्या साली काळवंडल्या, फिकट पतंग पक्ष्यांच्या नजरेत भरू लागले, आणि १८९५ पर्यंत तेथील सुमारे ९८ टक्के पतंग काळे होते. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर काजळी घटली, तसे काळे पतंगही घटत गेले. पडताळणीची किल्ली येथेच आहे, असे मला वाटते: उत्परिवर्तन तेच राहिले, तरी त्याचे प्रमाण आधी चढले आणि मग उतरले, म्हणजे दिशा परिसराने दिली. दोन्ही रंगांचे पतंग झाडांवर सोडून, पक्ष्यांनी त्यांपैकी किती टिपले हे मोजूनही ही गोष्ट तपासली गेली आहे.

लहान समूहांत मात्र निवडीविनाही, कोणाची किती पिल्ले जगली एवढ्याच योगायोगाने, जनुकांचे प्रमाण बदलू शकते. त्याला जनुकीय विचलन म्हणतात.