पार्श्वभूमी : 'हेमाडपंती' हा शब्द आणि मंदिरांचे ऑनलाइन संग्रह

अंबरनाथचे शिवमंदिर इंटरनेटवर शोधले की त्याचे तीन काळ समोर येतात. कुठे इ. स. ८६०, कुठे १०६०, तर कुठे नुसतेच 'हेमाडपंती', म्हणजे तेरावे शतक. यांतले १०६० बरोबर आहे. उरलेले दोन कुठून आले हे समजले, की स्कॅन केलेली गॅझेटियर, फोटोसंग्रह आणि सरकारी पोर्टले कशी वापरायची हेही बरेचसे उलगडते.

मंदिराच्या उत्तरेकडच्या दारावर शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळचा लेख आहे. त्यातला शक पहिल्या वाचनात ७८२ असा लागला. शकात ७८ मिळवले की इ. स. येते, म्हणून ८६०. एकोणिसाव्या शतकातच हे वाचन दुरुस्त होऊन शक ९८२ ठरले. पण चुकीचे वाचन ज्या शोधपत्रिकेत छापले गेले तिचा खंडही आज स्कॅन होऊन उपलब्ध आहे, आणि शोधयंत्राला दोन्ही पाने सारखीच. त्यामुळे शिलालेखाचे पहिले वाचन कधीही एकटे उचलू नये. त्याच लेखावर पुढे काय लिहिले गेले ते पाहावे, आणि शिलाहारांच्या बाबतीत १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेला एकत्रित लेखसंग्रह आधी उघडावा.

याच मंदिराची १८६८ मध्ये सरकारी खर्चाने मोजणी झाली. मुंबईच्या कलाशाळेतल्या मंडळींनी मापे घेतली, रेखाटने केली, कोरीव भागांचे साचे काढले. पश्चिम भारतातल्या मंदिरांच्या पद्धतशीर नोंदीच्या सुरुवातीच्या प्रयत्नांतला हा एक. जुन्या वास्तूंच्या नंतरच्या सरकारी याद्या, जिल्हा गॅझेटियर आणि १९३१ मधला दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचा मोठा ग्रंथ (पुरातत्त्व खात्याच्या मालिकेतला ४८ वा खंड) हे सगळे त्याच वाटेने आले.

खरा गुंता 'हेमाडपंती' या शब्दाचा आहे. हेमाद्री, म्हणजेच लोकांचा हेमाडपंत, हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा अधिकारी, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथ त्याच्या दोनशे वर्षे आधीचे. तरीही चुन्याशिवाय रचलेले, काळ्या दगडाचे कोणतेही जुने बांधकाम लोक हेमाडपंताच्या नावावर टाकत आले. मग ते मंदिर असो, बारव असो की नुसती ओसरी. गॅझेटियर लिहिणाऱ्यांनी गावात ऐकलेला हा शब्द जसाच्या तसा टिपला. तिथून तो पाठ्यपुस्तकांत गेला, माहितीफलकांवर आला आणि शेवटी वेबसाइटींवर 'शैली' या रकान्यात जाऊन बसला.

हा शब्द बांधण्याची रीत सांगतो: घडीव दगड, खाच आणि तिच्यात बसणारे कुसू यांची जोडणी, वरच्या वजनाने दाबून बसलेले थर. ती रीत हेमाद्रीच्या आधीही होती आणि महाराष्ट्राबाहेरही होती. शिखराचा घाट, विधान (म्हणजे जमिनीवरचा आराखडा), मूर्तींची मांडणी यांबद्दल या शब्दातून काहीच कळत नाही. खिद्रापूरच्या कोपेश्वराचा वारसा कर्नाटकाकडचा, अंबरनाथचा माळव्याकडचा. दोघांना एकच चिठ्ठी लावली की दोघांचेही वेगळेपण पुसले जाते. औंढा नागनाथला तर खालचा कोरीव भाग जुना आणि वरचे शिखर उत्तरकालीन जीर्णोद्धाराचे. तिथे अख्ख्या मंदिराला एक शब्द लावणेच चुकीचे. संग्रहांनी हा शब्द शैलीच्या रकान्यातून काढावा, पण 'लोकरूढ नाव' म्हणून जरूर ठेवावा, कारण मराठी माणूस शोधतो तो याच शब्दाने. सरसकट काढून टाकावा असे म्हणणारेही आहेत. तसे केले तर गावातल्या माणसाला स्वतःच्या गावचे मंदिर सापडणार नाही.

अंबरनाथ, सिन्नरचे गोंदेश्वर, झोडग्याचे माणकेश्वर यांना शिल्पग्रंथांतला नेमका शब्द आहे : भूमिज. फोटोत तो ओळखायला सोपा आहे. शिखराच्या चारही बाजूंना मधोमध, खालून वरपर्यंत चढत गेलेली जाळीदार नक्षीची पट्टी दिसते, ती लता. दोन लतांच्या मधल्या चतकोरात लहान लहान खांबांवर पेललेली छोटी शिखरे असतात, आडव्या आणि उभ्या ओळींत, माळेतल्या मण्यांसारखी. आडवी ओळ म्हणजे एक भूमी. वर जाताना हे मणी लहान होत जातात, पण ओळ मोडत नाही. शेखरी या दुसऱ्या शिखरप्रकारात छोटी शिखरे मुख्य शिखराच्या अंगाला बिलगून वर चढतात. ओळींचा हा हिशोब तिथे लागत नाही. मध्य प्रदेशात विदिशेजवळ उदयपूरला उदयेश्वर आहे, लेखांनुसार १०५९ ते १०८० मधले. त्याचा आणि अंबरनाथचा फोटो शेजारी ठेवून लता आणि भूमी मोजल्या की नाते डोळ्यांना दिसते. अंबरनाथचे शिखर वरून ढासळले आहे, म्हणून भूमी खालून मोजाव्यात.

फोटोत कोणती भिंत आहे हे लिहिलेले नसेल तर प्रणाल, म्हणजे गाभाऱ्यातले पाणी बाहेर सोडणारी पन्हळ, शोधावी. पूर्व किंवा पश्चिम तोंडाच्या मंदिरात अभिषेकाचे पाणी बहुधा उत्तरेकडे काढलेले असते.

शोधताना जुन्या राज्यांच्या हद्दी ध्यानात ठेवाव्या लागतात. नाशिक, ठाणे, खानदेश मुंबई इलाख्याच्या याद्यांत. विदर्भ मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या यादीत. मराठवाडा निजामाच्या पुरातत्त्व खात्याच्या अहवालांत. औंढा मुंबईच्या यादीत शोधले तर मिळणार नाही. धुळे जिल्ह्यातले बलसाणे 'खानदेश' म्हणून येते. रोमन लिपीत प्रत्येक नाव दोन-तीन तऱ्हांनी टाकून पाहावे. झोडग्यासाठी 'झ' आणि 'ज', दोन्हींची स्पेलिंगे. 'हेमाडपंथी' हे चुकीचे रूपही टाकावेच. पंत आणि पंथ यांची गल्लत इतकी पसरली आहे की अर्धे निकाल त्याखाली सापडतात.

सरकारी स्कॅन-प्रकल्पांतून आलेल्या प्रतींत एक दोष वारंवार दिसतो. पाने निव्वळ काळ्या-पांढऱ्यात स्कॅन झालेली असतात, करड्या छटा नाहीत. मजकूर वाचता येतो, पण फोटोची प्लेट म्हणजे काळा डाग. घडीची पाने न उलगडता स्कॅन होतात, त्यामुळे विधानाचा नकाशा अर्धाच येतो. अशा वेळी त्याच ग्रंथाची विद्यापीठाच्या ग्रंथालयातून आलेली, छटा राखलेली प्रत शोधावी. नकाशावरचे प्रमाण फुटांत असते. छापील प्रमाणपट्टी चित्रातच असेल तर तिच्यावरून मोजावे, 'एक इंचास इतके फूट' या ओळीवर विसंबू नये. पडद्यावर इंच बदलतो.

पुढची साधने अलीकडची. वाराणसीत १९६५ च्या सुमारास सुरू होऊन पुढे गुरुग्रामला गेलेला अमेरिकी संस्थेचा छायाचित्रसंग्रह ठिकाण, राजवंश आणि काळ यांनुसार लावलेला आहे, आणि बाहेरच्या भिंतीचे बारकावे पाहायला तो सगळ्यात उपयोगी. केंद्राचे संस्कृती पोर्टल २०१९ च्या अखेरीस आले. विकिमीडिया कॉमन्स या खुल्या फोटोसंग्रहावर हौशी छायाचित्रकारांनी आडवळणाच्या गावांतली मंदिरेही चढवली आहेत. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयावर सायबर हल्ला झाला आणि पश्चिम भारताच्या जुन्या फोटोंची पाने एकदम दिसेनाशी झाली. मराठीतल्या कितीतरी लेखांतले दुवे तिकडे जात होते. असा दुवा मेलेला निघाला तर त्याचा पूर्ण पत्ता वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जुनी वेबपाने जपून ठेवणाऱ्या संग्रहात, टाकून पाहावा. अनेकदा वर्णन मिळते, चित्र मात्र लघुरूपातच उरलेले असते. म्हणून फोटो सापडला त्याच दिवशी मोठ्या आकारात उतरवावा आणि फाइलच्या नावातच संग्रह, नोंद-क्रमांक, तारीख लिहावी.

कॉमन्सवर स्वतःचा फोटो चढवताना काळाच्या रकान्यात शिलालेखाचा शक आणि इ. स. दोन्ही द्यावेत. लेख नसेल तर शतक आणि ते कशावरून ठरवले तेही द्यावे. शिखराचा प्रकार वेगळा लिहावा, शिखर उरलेच नसेल तर तसे नोंदवावे. 'हेमाडपंती' हा शब्द वर्णनात, 'स्थानिक नाव' म्हणून.