स्टीम लिंक : उत्पादन थांबले, उपयोग टिकला

अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘स्टीम लिंक’ नावाचे तळहातावर मावणारे यंत्र सुमारे ५० डॉलरला बाजारात आणले आणि २०१८ च्या नोव्हेंबरात त्याची विक्री थांबवली. घरातील संगणकावर चालणारा गेम बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीवर दाखवणे आणि कंट्रोलरवर दाबलेल्या कळांची माहिती संगणकाकडे परत पाठवणे, एवढेच त्याचे काम. नाशिकमध्ये जुन्या वस्तूंच्या व्यवहारात असे यंत्र आज समोर आले, तर ते भंगार समजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९२० गुणिले १०८० ठिपक्यांचे चित्र सेकंदाला ६० वेळा जसेच्या तसे पाठवायचे, तर सेकंदाला सुमारे ३ अब्ज बिट लागतात. या यंत्राला जोडलेल्या नेटवर्क केबलमधून मात्र सेकंदाला जास्तीत जास्त १० कोटी बिट जाऊ शकतात. त्यामुळे संगणकाला प्रत्येक चित्र एच.२६४ पद्धतीने आवळून पाठवावे लागते, म्हणजे आधीच्या चित्रापेक्षा जे बदलले तेवढ्याचेच वर्णन करावे लागते. चित्रपट आवळताना पुढच्या चित्रांचाही आधार घेता येतो. गेममध्ये ती सोय नाही, कारण खेळणाऱ्याने कळ दाबेपर्यंत पुढचे चित्र जन्मालाच आलेले नसते आणि त्याची वाट पाहणे म्हणजे विलंब पत्करणे. एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात.

हा विलंब कुठे वाढतो, हे पाहिले की दोष बहुधा यंत्राबाहेर सापडतो. जुन्या नाशिकमधील वाड्यांच्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फाय लहरी मोठ्या प्रमाणात शोषतात, हरवलेली माहिती पुन्हा पाठवावी लागते आणि विलंब सतत कमी-जास्त होत राहतो. स्थिर विलंबाची हाताला सवय होते, पण अशा हेलकाव्यांची होत नाही. म्हणून शक्य तेथे केबलच ओढावी. टीव्हीसुद्धा चित्र सुधारण्याच्या नादात बराच वेळ खातो, तेव्हा त्यातील ‘गेम मोड’ चालू करणे आवश्यक आहे.

गूगलच्या ‘स्टेडिया’शी तुलना केली, तर स्टीम लिंक का टिकले ते कळते. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या त्या सेवेत गेम गूगलच्या सर्व्हरवर चालत आणि तिचा कंट्रोलर वाय-फायमार्गे थेट तिथेच जोडला जाई. १८ जानेवारी २०२३ रोजी सर्व्हर बंद झाले आणि बिनतारी कंट्रोलर म्हणून त्याचा उपयोग संपणार होता. परंतु त्याच्या आत सुरुवातीपासून असलेले ब्लूटूथ गूगलने त्याच सुमारास सॉफ्टवेअरद्वारे खुले करून दिले, ही निःसंशय चांगली गोष्ट झाली. स्टीम लिंकला अशा मेहेरबानीची तितकी गरज भासली नाही, कारण गेम चालवणारा संगणक मालकाच्याच घरात असतो. शिवाय संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवले, तर गेमचा दर्जा वाढतो. स्टीम लिंकचे काम पूर्वीइतकेच राहते.

मर्यादा अर्थातच आहेत. चित्र १०८० ओळींच्या पुढे जात नाही, त्यामुळे मोठ्या ४के टीव्हीवर ते मऊ दिसते. २०१८ पासून हेच काम मोबाइल आणि अँड्रॉइड टीव्हीवरील ॲपही करते. तसा टीव्ही घरी असेल, तर वेगळे यंत्र घेण्याचे कारण उरत नाही. साध्या एचडीएमआय टीव्हीसाठी मात्र, किंमत माफक असेल आणि अडॅप्टर चालू स्थितीत असेल, तर ते आजही घेण्याजोगे आहे.