गंजलेल्या पत्र्याचा खरखरीत फोटो: एचडीआरची पार्श्वभूमी

कुर्ल्यातल्या एका गल्लीत, गॅरेजच्या मागच्या भिंतीला लागून एक प्रीमियर पद्मिनी विटांवर उभी आहे. चाकं कधीच गेली. काळा रंग पापुद्रे धरून सुटलाय, खाली तांबूस गंज. टपावरचा पिवळा तेवढा अजून तग धरून आहे. डाव्या मडगार्डवर बोल्टची भोकं दिसतात. टॅक्सीचा लोखंडी मीटर तिथे, गाडीच्या बाहेर, बसवलेला असायचा.

भर दुपारी या गाडीचा फोटो काढून बघा. टप सांभाळला तर आतली सीट काळी ठिक्कर, सीट सांभाळली तर टप पांढराफटक. डोळ्यांना दोन्ही दिसतं, कॅमेऱ्याला एका फटक्यात जमत नाही. एचडीआर, म्हणजे हाय डायनॅमिक रेंज, याच अडचणीतून आलं, आणि ही अडचण फोटोग्राफीइतकीच जुनी आहे.

१८५० च्या दशकात फ्रान्सचा गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राचे फोटो काढत होता. तेव्हाच्या काचेच्या प्लेटवर निळा प्रकाश फार जोरात उमटायचा, त्यामुळे लाटा नीट आल्या की आभाळ कोरं यायचं. त्याने आभाळाची एक आणि पाण्याची एक अशा दोन निगेटिव्ह घेऊन एकाच कागदावर छापल्या. पुढे अमेरिकेत चार्ल्स वायकॉफ यांनी अणुस्फोट टिपण्यासाठी वेगवेगळ्या संवेदनशीलतेचे थर एकावर एक असलेली फिल्म तयार केली. डिजिटल काळात मोठं काम झालं ते १९९७ मध्ये. पॉल डेबेवेक आणि आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले जितेंद्र मलिक यांनी, कमी-जास्त एक्स्पोजरच्या, म्हणजे कमी-जास्त प्रकाश आत घेऊन काढलेल्या, साध्या फोटोंमधून दृश्यातला प्रत्यक्ष प्रकाश कसा मोजायचा, ते गणित मांडलं.

एचडीआर म्हटलं की खरखरीत फोटोच आठवतो, पण यात खरखरीतपणा कुठेच नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. या सगळ्यांना प्रकाश पकडायचा होता, आणि तो पकडल्यावर नवाच प्रश्न आला. सावलीपासून उन्हापर्यंतची एवढी मोठी झेप साध्या स्क्रीनवर किंवा कागदावर मावत नाही, ती दाबून बसवावी लागते. यालाच टोन मॅपिंग म्हणतात. सगळा फोटो सारखाच दाबला तर तो पिठूळ दिसतो. म्हणून २००० नंतर अशा पद्धती पुढे आल्या, ज्या मोठे फरक दाबतात पण शेजारशेजारच्या बारीक फरकांना धक्का लावत नाहीत. सॉफ्टवेअरमधला या परिणामाचा जोर वाढवणारा स्लायडर आणखी ओढला की हेच बारीक फरक फुगतात. पत्र्याचा पोपडा, काचेवरची धूळ, फाटलेल्या रेक्झिनची शिवण, सगळं एकदम अंगावर येतं. २००५ मध्ये फोटोशॉपच्या सीएस२ आवृत्तीत वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो एकत्र जोडण्याची सोय आली, फोटोमॅटिक्ससारखी सॉफ्टवेअरं हाताशी आली आणि जगभर एचडीआरची लाट उसळली. लोकांनी सूर्यास्त, लग्नं, माणसांचे चेहरेही त्यातून काढले. चेहऱ्याची त्वचा चामड्यासारखी दिसायची, इमारतींच्या कडेला पांढरट वलयं यायची. भडक फोटो म्हणून एचडीआर बदनाम झालं ते तेव्हाच.

पडीक गाड्यांना मात्र हा अतिरेक सोसतो, कारण तिथे पोत हाच विषय असतो. मुंबईत तर जास्तच. इथली खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्र्याला सोडत नाही. दारांच्या खालच्या कडा आधी सडतात, मग फ्लोअर जातो. पोलीस ठाण्यांबाहेर मुद्देमाल म्हणून वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या गाड्यांच्या बॉनेटमधून पिंपळ उगवलेला मी पाहिलाय.

विषय मात्र हातातून चाललाय. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली, तीच पुढे पद्मिनी झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. त्याच्या दीड महिना आधी, १५ सप्टेंबरला, बेस्टची जुनी डिझेल डबलडेकर शेवटची धावली होती. आता या गाड्या भंगारात तुटतायत. म्हणून मी स्लायडर जपून ओढतो. गंज जेवढा आहे तेवढाच दिसावा, माझ्याकडून त्यात भर पडू नये.

कुर्ल्याच्या त्या पद्मिनीच्या काचेवर आता पालिकेची नोटीस आहे. परवा ट्रायपॉड लावून तीन फ्रेम घेतल्या: एक टपासाठी, एक पत्र्यासाठी, एक आतल्या काळोखासाठी. तिसरीत स्टिअरिंगच्या बाजूचा गिअरचा दांडा दिसला. सगळीकडे गंज चढलाय, पण मूठ बसते तेवढी जागा अजून गुळगुळीत आहे.