फोटो पुसून नकाशाचा खर्च उतरत नाही

नागपुरात विहिरी, झाडं, नागनदीकाठचे उकिरडे नकाशावर नोंदवणाऱ्या लहान संस्थांमध्ये एक समजूत घट्ट बसली आहे: आर्कजीआयएस ऑनलाइन या नकाशा-सेवेचे क्रेडिट (साठवणीसाठी खर्च होणारी एककं) संपत आले की आधी फोटो उडवा. चूक आहे. नोंदींना जोडलेल्या फोटोंना महिन्याला १ जीबीमागे १.२ क्रेडिट लागतात; बिंदू, रेषा, सीमा आणि त्यांच्या तक्त्यांना मात्र दर १० एमबीमागे २.४. म्हणजे ५ जीबी फोटोंचे ६ क्रेडिट आणि ५० एमबी सीमांचे १२! पुरावा जातो, खर्च राहतो.

या डेटाचा फुगवटा बहुधा प्रभागांच्या सीमांत असतो, कारण वळणावळणाला गरज नसलेले शेकडो बिंदू असतात. क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये 'सिम्प्लिफाय' (जादा बिंदू गाळण्याची सोय) चालवण्याआधी थर, म्हणजे नकाशावरचा एका प्रकारच्या नोंदींचा संच, ईपीएसजी ३२६४४ या मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशांक पद्धतीत न्या आणि टॉलरन्स, म्हणजे सीमा किती हलू द्यायची ती मर्यादा, ५ मीटर ठेवा. अक्षांश-रेखांशातच ५ टाकलं तर ते ५ अंश धरले जातात, मग प्रभाग ओळखूच येत नाहीत. मीटरमध्येही शेजारच्या प्रभागांत बारीक फटी पडतात, कारण प्रत्येक आकृती सुटी तासली जाते. मॅपशेपर हे दुसरं सॉफ्टवेअर सामाईक सीमा एकदाच तासतं. सीमांसाठी तेच वापरावं.

स्वयंसेवकांना एक, देणगीदारांना दुसरा अशा थराच्या प्रती काढू नका. 'व्ह्यू', म्हणजे त्याच थराचं वेगळं दर्शन, बनवा, त्याला वेगळी साठवण लागत नाही. नुसत्या दाखवायच्या सीमा व्हेक्टर टाइल (दाखवण्यापुरते तयार केलेले नकाशाचे तुकडे) करून चढवा, दर फोटोंचाच. मात्र टाइलवर दुरुस्ती होत नाही, तेव्हा मूळ फाइल संगणकावर जपून ठेवा आणि मगच जुना थर काढा. तो तसाच राहिला तर दोन्हींचे क्रेडिट कापले जातात.