पंचविशीनंतर डोक्यात काही शिरत नाही?

‘पंचविशीनंतर मेंदू नवं काही शिकत नाही, त्यामुळे उतारवयात विद्यापीठात नाव घालणं म्हणजे पैसे वाया,’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यात थोडं सत्य आहे, म्हणूनच तो पटतो.

माहिती हाताळण्याचा वेग विशीनंतर हळूहळू कमी होतो, हे खरं. पण शब्दसंग्रह आणि सामान्यज्ञान साठीपर्यंतही वाढत राहू शकतं. शिकताना मेंदूतल्या पेशींमधल्या जोडण्या बदलतात आणि ही क्षमता उतारवयातही टिकते. वेळ जास्त लागतो, इतकंच. शिवाय विद्यापीठात नुसती व्याख्यानं नसतात. गटचर्चा असते, वाद होतात. दुसऱ्याला समजावून सांगितलेलं अधिक पक्कं बसतं, मग वय कुठलंही असो.

कसं शिकतो, यानंही फरक पडतो. पडताळायचंय? अनोळखी भाषेतले 20 शब्द घ्या. 10 एका बैठकीत घोका. उरलेले 10, एकूण तेवढाच वेळ देऊन, चार दिवसांत स्वतःला विचारत शिका. दोन्ही गट शिकून आठवडा झाला की तपासा. बहुतेकांचा दुसरा गट सरस निघतो. (घोकंपट्टीवाल्यांना हे रुचत नाही.)

राहिली विद्यापीठात प्रवेशासाठी वयाची अट. अनेक अभ्यासक्रमांना कमाल वयोमर्यादा नसते, काहींना असते. माहितीपत्रकातला पात्रतेचा भाग वाचला की कळतं.